कोणते रेठरे आणि कोणती केरी?

कलावंत आणि साहित्यिक यांच्या गावांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. आलेल्या पत्रांतून एक अडचण पुन्हा पुन्हा समोर आली. गावाचे नाव ठाऊक असते, पण त्या नावाची गावे दोन, तीन किंवा चार निघतात आणि आपला कलावंत त्यांपैकी नेमका कोणत्या गावचा हे कळत नाही. निवडक प्रश्न संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात रेठरे बुद्रुक आणि रेठरे खुर्द अशी दोन गावे आहेत. एका जुन्या स्मरणिकेत शाहीर पठ्ठे बापूराव ‘सातारा जिल्ह्यातील रेठऱ्याचे’ असा उल्लेख वाचला. ते या दोहोंपैकी कोणत्या गावचे? – एक वाचक, कराड

उत्तर : दोहोंपैकी एकाही गावचे नव्हेत. पठ्ठे बापूरावांचे गाव रेठरे हरणाक्ष. कृष्णाकाठचे हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात मोडते. याच तालुक्यात रेठरे धरण नावाचे आणखी एक गाव आहे. म्हणजे कराड आणि वाळवा या शेजारी तालुक्यांत मिळून चार रेठरे झाली. बोलताना लोक नुसते ‘रेठरं’ म्हणून मोकळे होतात, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. छापताना मात्र तो संदर्भ हरवतो, आणि शंभर मैलांवरच्या वाचकाला चारांतले एक निवडायचे झाले तर तो साहजिकच सर्वांत परिचित गाव निवडतो. कृष्णा साखर कारखान्यामुळे रेठरे बुद्रुक सर्वदूर माहीत आहे, त्यामुळे शाहिराचा मान नकळत तिकडे वळतो.

स्मरणिकेने सातारा जिल्हा लिहिला, यात चूक नाही. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पुढचे पठ्ठे बापूराव, यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ रोजी रेठरे हरणाक्ष येथे झाला, तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यामुळे १९४९ पूर्वीच्या कोणत्याही पुस्तकात वाळव्याकडील माणसाचा जिल्हा साताराच असणार. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला, तेव्हा त्यांचेही गाव वाळवा तालुका, जिल्हा सातारा असेच लिहिले जात होते. जुना मजकूर नव्या नकाशावर ठेवून वाचला की शोधणारा थेट कराड-साताऱ्याकडे जातो, आणि तेथे त्याला त्याच नावाचे दुसरे गाव खरोखरच सापडते. हीच खरी अडचण आहे. गाव मुळीच सापडले नसते, तर तो पुढे शोधत राहिला असता.

स्मरणिकेची चूक ‘हरणाक्ष’ हा शब्द गाळण्यात आहे, आणि ती आम्हांला किरकोळ वाटत नाही. कुलकर्णी वतनाच्या घरात जन्मलेला हा मुलगा घर, वतन आणि जातीची प्रतिष्ठा सोडून तमाशाच्या बोर्डावर उभा राहिला, आणि ज्या गावात ही बंडखोरी घडली त्या गावाचे नाव या कहाणीचा भाग आहे.

याच संदर्भात पवळा हिवरगावकर यांचे नाव घ्यायला हवे. बापूरावांच्या फडाला कीर्ती मिळाली ती त्यांच्या लावणीइतकीच पवळाबाईंच्या नृत्यामुळे आणि अदाकारीमुळे. त्यांचे गाव हिवरगाव पावसा. पुणे–नाशिक महामार्गाने संगमनेरकडे जाताना या नावाचा टोलनाका लागतो, त्यामुळे हजारो प्रवाशांच्या नजरेखालून हे नाव दररोज जाते. पण संगमनेर तालुक्यातच हिवरगाव पठार नावाचे दुसरेही गाव आहे, म्हणून ‘हिवरगाव, ता. संगमनेर’ एवढे लिहूनही भागत नाही. शाहिराच्या गावापुढे ‘हरणाक्ष’ आणि नर्तिकेच्या गावापुढे ‘पावसा’ लिहिल्याशिवाय दोघांचाही पत्ता पूर्ण होत नाही. बापूरावांवरील लेखात निदान त्यांच्या गावाचे अर्धे नाव तरी येते. पवळाबाईंच्या गावाचा उल्लेखच पुष्कळदा गाळलेला असतो, आणि दलित समाजातून आलेल्या या कलावतीवर हा दुसऱ्यांदा झालेला अन्याय आहे, असे आम्हांला स्पष्टपणे वाटते.

प्रश्न : बालगंधर्वांचे नागठाणे म्हणजे सातारा–कराड रस्त्यावरचे नागठाणेच ना? आमच्या सहलीत तेथे थांबून वंदन करावे असा विचार आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व यांच्याशी ज्याचे नाते सांगितले जाते ते नागठाणे सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठी आहे. महामार्गावरचे नागठाणे सातारा तालुक्यातील आहे. दोन्ही गावे एकाच पट्ट्यातली आणि नाव अक्षरशः एकच. शिवाय ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ असे काही पुढे लागत नसल्यामुळे येथे तालुका लिहिण्याला पर्याय नाही. सहलीचा मार्ग बदलणे शक्य असेल तर अवश्य बदलावा. पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे, तेव्हा एका दिवसात दोन्ही ठिकाणे पाहून होतील.

प्रश्न : गोव्यात केरीच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो असता तेथे केसरबाई केरकर यांच्याविषयी कोणालाच काही सांगता आले नाही. स्थानिकांना आपल्या गायिकेचा इतका विसर कसा पडला? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तेथील लोकांना दोष देऊ नये. आपण गेलात ती केरी पेडणे तालुक्यातील, तेरेखोलच्या मुखाजवळची. केसरबाई त्या गावच्या नव्हेत. गोव्यात केरी नावाची तीन गावे सांगता येतात. एक पेडण्यातले किनाऱ्यावरचे, दुसरे सत्तरी तालुक्यात चोर्ला घाटाच्या पायथ्याशी, अंजुणे धरणाजवळ, आणि तिसरे फोंडा तालुक्यातले. सूरश्री केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी झाला तो या तिसऱ्या, म्हणजे फोंड्याच्या केरीत. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत केरी म्हटले की किनाराच छापलेला असतो, त्यामुळे बाहेरून येणारा रसिक जवळपास हमखास तेथेच पोहोचतो.

फोंडा तालुका म्हणजे देवळांचा परिसर. मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी, कवळे ही सारी देवस्थाने याच भागातली, आणि मास्टर दीनानाथांचे व जितेंद्र अभिषेकींचे मंगेशी त्यांतलेच. देवळांच्या उत्सवांत, कीर्तनांत, पालखीपुढच्या सेवेत गाणे घडत होते आणि देवळाच्या सेवेतील घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या जपले जात होते. केसरबाईंच्या गाण्यामागे ही पार्श्वभूमी आहे, म्हणून त्यांची केरी किनाऱ्यावरची नसून देवळांच्या मुलुखातली आहे हे कळणे आवश्यक ठरते. गाव बदलले की कलावंताभोवतीचे सारे जगच बदलते. पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षे तालीम घेतली, आणि १९७७ मध्ये अंतराळात गेलेल्या व्हॉएजर यानांवरील सुवर्णतबकडीत ‘जात कहाँ हो’ ही त्यांची भैरवी समाविष्ट झाली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

सत्तरीच्या केरीचाही स्वतंत्र मान आहे. गोव्याचे पर्यावरण, लोकसंस्कृती आणि इतिहास यांवर सातत्याने लिहिणारे राजेंद्र केरकर त्या केरीचे. म्हणजे एकाच ‘केरकर’ नावाखाली फोंड्याची गायिका आणि सत्तरीचा लेखक असे दोन वेगळे मुलुख येतात. नावावरून दोघांना एका गावात बसवणारा मजकूर आपल्या वाचनात आला, तर संपादकांना जरूर कळवावे.

गोव्याचाच विषय निघाला आहे म्हणून मोगूबाईंबद्दलही लिहितो. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे गाव कुर्डी, तालुका सांगे. फोंडा शहराला लागून कुर्टी नावाचे गाव आहे, आणि एका अक्षराच्या फरकामुळे लोक मोगूबाईंनाही फोंड्याच्या परिसरातल्या समजतात. कुर्डी साळावली धरणाच्या जलाशयाखाली गेली. ऐन उन्हाळ्यात पाणी ओसरले की घरांचे चौथरे, विहिरी, रस्त्यांच्या खुणा वर येतात आणि अन्यत्र वसलेले ग्रामस्थ सोमेश्वराच्या देवळापाशी उत्सवासाठी जमतात. त्यामुळे मोगूबाईंचे गाव पाहायचे असेल तर मे महिन्यात जावे, पावसाळा सुरू झाला की ते पुन्हा पाण्याखाली जाते. जे गाव वर्षातील बहुतेक काळ डोळ्यांना दिसतच नाही, त्याचे नाव तरी अचूक लिहिले जावे, ही आमची कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : नागराज मंजुळे यांचे जेऊर अहिल्यानगरजवळचे की सोलापूरकडचे? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : सोलापूर जिल्ह्यातील, करमाळा तालुक्याचे. दौंड–सोलापूर लोहमार्गावर जेऊर स्थानक आहे, ते हेच. नगरजवळचे ते जेऊर बायजाबाई. सोलापूर जिल्ह्यातच अक्कलकोट तालुक्यात काशीविश्वेश्वराच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले तिसरे जेऊर आहे, म्हणून केवळ जिल्हा लिहून पुरत नाही. कवी आणि चित्रपट दिग्दर्शक असलेल्या मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडचा परिसर आणि बोली ठळकपणे दिसते, आणि तो पाहिलेल्याला करमाळ्याचे जेऊर वेगळे सांगावे लागू नये.

प्रश्न : ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले असे वाचले. मग त्यांचे बालपण पुण्यात गेले असे म्हणायचे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : असे म्हणता येणार नाही. गदिमा ज्या औंधला शिकले ते सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील, पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचे औंध. पुणे शहरातील, मुळेकाठचे औंध निराळे. पुण्यातील औंधची वस्ती गेल्या काही दशकांत एवढी वाढली आहे की तरुण वाचकाला औंध म्हटले की तेच आठवते. मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कोणत्याही चरित्रात, विशेषतः चित्रकार, गायक किंवा कवीच्या चरित्रात औंध आले, तर आधी संस्थानच डोळ्यांसमोर आणावे. भवानराव पंतप्रतिनिधी हे राजे स्वतः चित्रकार होते, त्यांनी उभारलेले संग्रहालय आजही औंधच्या डोंगरावर पाहायला मिळते, आणि अंतूबुवा व गजाननबुवा जोशी यांच्यासारखे गायक-वादक त्या गावाने सांभाळले. माणदेशातील एक गरीब घरचा मुलगा त्या वातावरणात शिकला, हे गदिमांच्या चरित्रातील मोलाचे पान आहे. तेथे पुणे घातले तर ते पानच पुसले जाते.

माणदेशातील आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता, त्यामुळे तिकडच्या मुलांनी शिक्षणासाठी औंध गाठणे स्वाभाविक होते. गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला आणि घराण्याचे गाव माडगुळे. ही दोन्ही गावे आजच्या आटपाडी तालुक्यात आहेत. शेटफळ्याबाबतही सावध राहावे लागते, कारण सोलापूर जिल्ह्याच्या मोहोळ तालुक्यात शेटफळ आहे आणि इंदापूर तालुक्यात शेटफळगढे. शेवटची मात्रा गळाली की गदिमांचे जन्मगाव थेट दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पडते. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म ६ जुलै १९२७ रोजी माडगुळ्यात झाला. सख्ख्या भावांची जन्मगावे वेगळी असू शकतात, हे आडनावाकडे पाहून कधीच कळत नाही.

प्रश्न : तमाशाच्या जाहिरातींत ‘कवठेकर’ हे नाव वाचतो. हे कवठे म्हणजे कवठे महांकाळ का? – एक वाचक, मिरज

उत्तर : आपण मिरजेचे असल्याने तसे वाटणे साहजिक आहे. सांगली जिल्ह्यातच कवठे महांकाळ, दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध असलेले कवठे एकंद आणि कवठे पिरान अशी तीन कवठी आहेत. परंतु तमाशासाठी वग, लावण्या आणि गीते लिहिणारे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे यमाईचे. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता, आणि २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात जत्रांचा तमाशा खोलवर रुजलेला असल्यामुळे असा लेखक तेथे घडला, यात आश्चर्य नाही. गावापुढची ‘यमाई’ ही तेथील ग्रामदेवता. औंधची देवीही यमाईच आहे, पण दोन्ही गावे परस्परांपासून पुष्कळ दूर आहेत.

प्रश्न : पाचवीच्या मुलांना बहिणाबाईंची कविता शिकवताना त्यांचे गाव ‘शिरूर’ असे एका मार्गदर्शक पुस्तकात आढळले. हे बरोबर आहे का? – एक शिक्षिका, बीड

उत्तर : येथे दोन कवयित्री आणि दोन गावे अशी दुहेरी गल्लत झालेली दिसते. ‘अरे संसार संसार’ रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे या गावी झाला. सतराव्या शतकातील, तुकोबांना गुरू मानणाऱ्या संत बहिणाबाई या वेगळ्या. त्यांचा जन्म देवगाव रंगारीचा आणि समाधी वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे आहे. पुस्तकाने आधी खानदेशच्या बहिणाबाईंना संत बहिणाबाईंचे गाव दिले आणि मग शिऊरचे शिरूर केले. मुलांना दोघींचीही एकेक रचना वाचून दाखवावी. भाषा ऐकली की ही चूक त्यांच्याकडून पुन्हा होणार नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयात जिल्हावार साहित्यिक व कलावंतांची नोंदवही करायची आहे. गाव कसे नोंदवावे? – एक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर : उपक्रम फार चांगला आहे. नोंदवहीत ‘गाव’ असा एकच रकाना ठेवू नये, एवढे आवर्जून सुचवतो. जन्मगाव, घराण्याचे गाव आणि ज्या गावाच्या नावाने कलावंत ओळखला गेला ते गाव, असे तीन रकाने हवेत. विठाबाई नारायणगावकर यांचे उदाहरण घ्या. नारायणगाव हे त्यांच्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या, म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडाचे गाव, आणि तमाशाचे नाव निघाले की आजही जुन्नर तालुक्यातले हे गाव पहिले आठवते, कारण जत्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी देण्यासाठी येतात. पण विठाबाईंचा जन्म पंढरपूरचा. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फडाच्या नावात कराडजवळचे करवडी आहे. आई आणि मुलगी या दोघींची नोंद एकाच गावाखाली केली, तर एका पिढीची सारी वाटचाल नोंदवहीतून निघून जाईल.

प्रत्येक रकान्यात गावाचे पूर्ण नाव, म्हणजे बुद्रुक, खुर्द, देवतेचे किंवा शेजारच्या गावाचे नाव जे काही जोडून येत असेल त्यासह लिहावे. पुढे आजचा तालुका व जिल्हा, आणि जन्माच्या वेळी जिल्हा किंवा संस्थान वेगळे असेल तर तेही लिहावे. जुने पुस्तक आणि नवा नकाशा यांचा मेळ घालायला पुढच्या वाचकाला हीच ओळ उपयोगी पडेल.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करता येईल. कुसुमाग्रजांचा, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचा जन्म पुण्याचा, आणि आडनावातले गाव निफाड तालुक्यातील शिरवाडे. परंतु निफाड तालुक्यात शिरवाडे दोन आहेत. एक शिरवाडे वणी आणि दुसरे शिरवाडे वाकद. कुसुमाग्रजांचे ते शिरवाडे वणी, मुंबई–आग्रा महामार्गालगतचे. त्यातही ‘वणी’ पाहून कोणी दिंडोरी तालुक्यातील वणीला, सप्तशृंगीच्या वाटेवर जाऊन पोहोचू नये, म्हणून नोंदीत ‘शिरवाडे वणी, ता. निफाड’ असे पूर्ण लिहावे आणि वाकदचे शिरवाडे वेगळे असल्याची एक ओळ खाली द्यावी. नोंदवही तयार झाल्यावर तिची एक प्रत संबंधित ग्रामपंचायतींकडे तपासणीसाठी पाठवल्यास उत्तम, कारण शिवेपलीकडच्या सारख्या नावाच्या गावाची माहिती जितकी गावकऱ्यांना असते तितकी कोणत्याही कोशात मिळत नाही.